पांढरी, काळी आणि बदलता पाऊस : बारामती-इंदापूर भागातील बांधकामाचा प्रश्न

मराठी ग्रामव्यवस्थेच्या परिभाषेत ‘पांढरी’ आणि ‘काळी’ हे शब्द जोडीने येतात. गाव वसते ती पांढरी, नांगर चालतो ती काळी. पांढरीचा रंग हा काही अंशी वस्तीचाच परिणाम होय. मातीची घरे पिढ्यान्‌पिढ्या पडत व पुन्हा उभी राहत गेल्याने ती पांढुरकी माती साचत जाते. तथापि या द्वंद्वात जमिनीच्या उपयोगाचा एक विवेकही अंतर्भूत आहे. पिकाला मानवणारी जमीन भिंतीला मानवेलच असे नाही. बारामती आणि इंदापूर ही नगरे जुन्या गावठाणाबाहेर पसरू लागली, तेव्हा नवी घरे, रस्ते व नळमार्ग मोठ्या प्रमाणावर काळीवर आले. हवामान पालटत असता या स्थित्यंतराचा अर्थ काय होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतात. वर्षाचा पाऊस सरासरीने ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास असून त्यातील मोठा भाग सप्टेंबरात पडतो. त्यामुळे येथील सर्व रचना अवर्षण गृहीत धरून झाली. निरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, तो १८७६-७८ च्या दुष्काळानंतरच्या काळात. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले व त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यात पसरला. पाणी आणावे कसे, हाच येथील स्थापत्याचा मुख्य प्रश्न राहिला. आलेले पाणी घालवावे कसे, हा प्रश्न गौण राहिला.

अलीकडील घटनांनी हा क्रम उलटा केला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेला पूर येऊन बारामतीतील नदीकाठच्या लोकांना हलवावे लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे इंदापूर भागात अतिवृष्टी झाली. मे २०२५ मध्ये, ज्या महिन्यात एरवी टँकरची वाट पाहिली जाते त्याच महिन्यात, दोन्ही तालुक्यांत मुसळधार पाऊस पडला. बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेक येथे निरा डावा कालवा फुटला आणि घरांची पडझड झाली. एकेका घटनेवरून हवामानबदल सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु हवेचे तापमान एका अंशाने वाढले असता तिची बाष्पधारणशक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. त्यामुळे वर्षाची सरासरी फारशी न बदलताही थोड्या वेळात पुष्कळ पाऊस पडण्याचे प्रसंग वाढू शकतात. बांधकामाला बाधते ती सरासरी नव्हे, तीव्रता.

याचा पहिला परिणाम पायावर होतो. काळी माती ओली झाली की फुगते व वाळली की आकसून भेगाळते. घराचा पाया तिच्या वरच्या थरात असेल तर तो वर्षातून एकदा उचलला जातो व एकदा खचतो. भिंतीतील तिरप्या चिरा ही त्याची खूण होय. दीर्घ कोरड आणि अकस्मात भिजणे यांतील अंतर वाढले की ही हालचालही वाढते. यावर रुडकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेल्या खांबांची पद्धत विकसित केली. असे खांब साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे ऋतुमानाने माती हलत नाही अशा थरात, रोवले जातात. त्याखेरीज घराभोवती फरसबंद पट्टा राखणे व छपराचे पाणी पायापासून दूर नेणे हे उपाय अल्पखर्चाचे आहेत.

दुसरा परिणाम छपरावर होतो. या भागातील जुने घर माळवदाचे. तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर, अशी त्याची घडण. एप्रिल-मे महिन्यांतील चाळीस अंशांच्या उन्हात हा थर उष्णता उशिरा आत पोहोचू देतो. मात्र संततधार लागली की तोच भिजून जड होतो, तुळयांवरील भार वाढतो व भिंतीत पाणी मुरते. उलट काँक्रीटच्या सपाट छताला पाण्याचे भय कमी. पण ते दिवसा तापते आणि रात्रभर उष्णता आत सोडत राहते. विटांच्या तुकड्यांचा उतार दिलेला कोबा व त्यावर चुन्याची सफेदी केल्यास दोन्ही दोष बऱ्याच अंशी आटोक्यात येतात. माळवदात राहणारे कुटुंब बहुधा निर्धन असते, म्हणून पहिली पडझड त्याच्याच वाट्याला येते. आराखडा करताना याचा विसर पडता कामा नये.

तिसरा परिणाम पाण्याच्या वाटांवर होतो. कालवा समपातळीच्या रेषेने जातो, म्हणून चढाकडून येणारा प्रत्येक ओढा त्याला आडवा येतो. ओढ्याचे पाणी खालून जाण्यासाठी मोरी असते. ती अपुरी पडली अथवा गाळाने भरली, तर पाणी भरावाला तटते. ओढ्यात भराव घालून भूखंड पाडले असता हेच संकट नगरात ओढवते. कालव्याचे अस्तरीकरण हाही सरळ प्रश्न नव्हे. त्याने गळती थांबते व काठ बळकट होतो. परंतु त्याच पाझरावर परिसरातील विहिरी जगतात. पुराचा बंदोबस्त आणि दुष्काळाची तरतूद यांचा विचार येथे एकत्रच करावा लागतो.

मोऱ्यांचे माप ठरविताना ‘पंचवीस वर्षांचा पूर’ अशी संज्ञा वापरली जाते. ती दिशाभूल करणारी आहे, कारण ऐकणाऱ्यास असा पूर पंचवीस वर्षांनीच येईल असे वाटते. वस्तुतः तिचा अर्थ एवढाच, की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची संभाव्यता चार टक्के आहे. तीस वर्षांच्या अवधीत तो एकदा तरी येण्याची संभाव्यता सुमारे सत्तर टक्के भरते. शिवाय हे गणित जुन्या नोंदींवर आधारलेले असते. पाऊसमानच पालटत असेल तर पूर्वीचा पंचवीस वर्षांचा पूर पुढे त्याहून लवकर भेटीस येईल.

बारामती तालुक्यातच माळेगाव खुर्द येथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था कार्य करीत आहे. पिकांवर पडणाऱ्या अवर्षण, उष्णता इत्यादी ताणांचा तेथे अभ्यास होतो. असे ताण पिकावर पडतात तसे घरावर, मोरीवर आणि कालव्याच्या काठावरही पडतात. त्यांचे मापन स्थानिक माती व स्थानिक पाऊस यांच्या आधारे झाले, तरच नव्या वस्तीला काळीवरही पांढरीचे स्थैर्य लाभेल.