घेरकिन काकडी : रोजच्या तोडणीतील कीड व्यवस्थापन

घेरकिन काकडीची पहिली तोडणी पेरणीनंतर साधारण 30 ते 35 दिवसांनी सुरू होते आणि पीक संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वदाव्या दिवसापर्यंत, ती रोज चालते. मजुरीच्या हिशेबात ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याच्या लक्षात असते. कीड व्यवस्थापनाच्या हिशेबात मात्र ती सहसा विसरली जाते. एखाद्या कीटकनाशकाचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाच दिवसांचा असेल, तर फवारणीनंतर पाच दिवस फळ तोडता येत नाही. तेवढ्या अवधीत घेरकिनचे फळ प्रतवारीच्या बाहेर वाढून बसते. म्हणून या पिकात शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात : पाच दिवसांचे उत्पन्न सोडणे, किंवा प्रतीक्षा कालावधी मोडून अवशेषयुक्त माल क्रेटमध्ये भरणे. कोणतीही वाट परवडणारी नाही. ती वेळच येऊ न देणे, हे घेरकिनच्या कीड व्यवस्थापनाचे सूत्र असावयास हवे.

पिकाचे स्वरूप

घेरकिन ही आपल्या नेहमीच्या काकडीचीच प्रजाती होय. कोवळी, खरबरीत सालीची, करंगळीएवढी फळे व्हिनेगर किंवा मिठाच्या द्रावणात टिकवण्यासाठी तोडली जातात. एका किलोत जितकी अधिक फळे बसतात, तितका दर अधिक. भारतात या पिकाचा प्रारंभ 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस कर्नाटकात झाला; पुढे ते तमिळनाडू, आंध्र प्रदेश व तेलंगणात पसरले. अपेडाच्या माहितीनुसार सुमारे 90 हजार लहान व सीमांत शेतकरी करारपद्धतीने सुमारे 65 हजार एकरांवर हे पीक घेतात. 2020-21 मध्ये काकडी व घेरकिन मिळून 2,23,515 टनांची निर्यात झाली.

जवळजवळ सर्व माल निर्यातीसाठी असल्याने नाकारलेल्या मालाला स्थानिक बाजारात फारसा आधार नाही. युरोपीय संघाच्या यादीत घेरकिनची नोंद काकडीहून स्वतंत्र आहे आणि ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लागू होते.

पहिले तीस दिवस

तोडणीपूर्वीचा महिना हाच उपाययोजनेचा खरा काळ. तांबडे भुंगेरे बीजदले व कोवळी पाने कुरतडतात. पांढरी माशी, मावा व फुलकिडे रस शोषतात आणि विषाणूंचा प्रसार करतात. वाफ्यावर चंदेरी आच्छादन व रोपांवर क्रॉप कव्हर वापरल्यास या किडींचा शिरकाव बराच रोखता येतो. फुले दिसू लागताच कव्हर काढावे, अन्यथा मधमाश्या आत पोहोचत नाहीत. पिवळ्या व निळ्या चिकट सापळ्यांवरून किडींचा कल कळतो. प्रादुर्भाव वाढताना दिसल्यास 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. रासायनिक फवारणी अपरिहार्य असेल, तर ती याच काळात, लेबल क्लेम असलेल्या व करार कंपनीने मान्य केलेल्या औषधाचीच करावी.

विसरलेली काकडी : फळमाशीचे माहेरघर

फळमाशीची मादी कोवळ्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. टोचलेले फळ वाकडे होते आणि प्रतवारीत बाद ठरते. अळी फळाचा गर खाऊन वाढते व जमिनीत कोषावस्थेत जाते. रोज तोडले जाणारे फळ तिला वाढ पूर्ण करण्याइतका वेळ देत नाही. तो वेळ मिळतो पानाआड राहून गेलेल्या मोठ्या काकडीत. नवी पिढी तेथूनच निघते. म्हणून तोडणी करणाऱ्या प्रत्येकाजवळ दुसरी पिशवी द्यावी आणि वाढलेली, वाकडी, टोचलेली फळे तिच्यात गोळा करावीत. ती बांधावर टाकू नयेत. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीत उन्हात ठेवावीत किंवा खोल पुरावीत. जोडीला एकरी 8 ते 10 क्यू ल्यूर सापळे फुलोऱ्यापूर्वीच लावावेत. या सापळ्यांत नर सापडतात. प्रौढ माश्या विश्रांतीसाठी उंच झाडोऱ्यावर बसतात. शेताभोवती मक्याच्या ओळी असल्यास विषारी आमिष त्या ओळींवर देता येते आणि फळाला औषधाचा स्पर्श होत नाही.

मधमाशी : विनामूल्य मजूर

बहुतेक संकरित वाणांत मादी फुले फार अधिक असतात. त्यामुळे बियाण्यात परागदात्या वाणाचे थोडे बी अनेकदा मिसळलेले असते; ती रोपे वेगळी दिसली तरी विरळणीत उपटू नयेत. फूल एकच दिवस, सकाळी उमलते. मधमाशीच्या भेटी अपुऱ्या पडल्यास फळ वाकडे किंवा टोकाकडे निमुळते होते. शेतकरी त्याचा दोष किडीला देतो, पुन्हा फवारतो आणि उरलेल्या मधमाश्याही गमावतो. वाकडे फळ दिसताच आधी टोचल्याची खूण शोधावी. ती नसेल, तर सकाळी फुलांवर मधमाश्या येतात का ते पाहावे. कडेला सातेरीच्या पेट्या ठेवता येतील. कोणतीही फवारणी फुले मिटल्यावर, संध्याकाळीच करावी. परागीभवनाशिवाय फळ धरणारे वाणही उपलब्ध आहेत. आपला वाण कोणता, हे बियाणे घेतानाच विचारून घ्यावे.

घरच्या ताटासाठी

घेरकिन ताजीही उत्तम लागते. कोशिंबिरीसाठी साल काढण्याची गरज नसते. परंतु सालीसकट कच्चे खाल्ल्या जाणाऱ्या फळाला प्रतीक्षा कालावधीचा नियम निर्यातीइतकाच काटेकोरपणे लावावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक शेतकऱ्याकडून एक साधी नोंदवही ठेवून घ्यावी : फवारणीची तारीख, औषध, प्रतीक्षेचे दिवस, सापळ्यातील माश्या आणि दुसऱ्या पिशवीचे वजन. हे वजन आठवड्यागणिक घटत असेल, तर व्यवस्थापन योग्य दिशेने चालले आहे असे समजावे.