फितुरीचं सोंग

कोल्हापूरच्या गॅझेटियरमध्ये पन्हाळ्याची हकिगत वाचताना १८४४ सालापाशी एक ओझरता उल्लेख येतो. बंडखोरांनी दौऱ्यावर असलेल्या सातारच्या रेसिडेंटला, कर्नल ओव्हान्सला, पकडलं आणि गडावर कैदेत ठेवलं, एवढंच. पुढची ओळ लगेच वेढ्यावर जाते. पण गेली कित्येक वर्षं या उल्लेखाने माझी पाठ सोडलेली नाही. कंपनी सरकारचा रेसिडेंट म्हणजे राजांना उठवणारा-बसवणारा माणूस. तो गडकऱ्यांच्या हाती लागतो, पन्हाळ्यावर कोंडला जातो आणि आपल्याकडे त्याचं कुणाला काहीच वाटत नाही? ओव्हान्सच्या मागे लागलो आणि पन्हाळा राहिला बाजूला. मी जाऊन पोचलो १८३६च्या पावसाळ्यातल्या साताऱ्यात, दोन सुभेदारांपाशी.

गडकऱ्यांचं बंड आपल्याकडे नव्याने सांगायला नको. दाजी कृष्ण पंडित या इंग्रजांनी बसवलेल्या कारभाऱ्याने गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींना आणि नोकरीला हात घातला. सामानगडाने दरवाजे लावून घेतले, भुदरगड उठला, खुद्द कोल्हापुरात कारभाऱ्यालाच कैद झाली. १३ ऑक्टोबर १८४४ला सामानगड पडला. शेवटी पन्हाळा उरला. जनरल डेलामोट तोफा घेऊन आला. ओव्हान्सची सुटका हल्ल्याआधीच झाली होती. १ डिसेंबरला तटाला भगदाड पडलं, गड गेला, बंडखोर बाबाजी अहिरेकर मारला गेला. गडाचा चार दरवाजा आज नुसता नावाला उरला आहे, तो या मोहिमेमुळे. मोहिमेत जेम्स आउट्रम हा इंग्रज अधिकारीही होता. खानदेशात भिल्लांच्या बंदोबस्तावर असल्यापासून तो आणि ओव्हान्स एकमेकांना ओळखत होते.

पण या कैद्याचं पूर्वचरित्र पाहा. पाच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १८३९च्या सुरुवातीला, याच माणसाने सातारच्या प्रतापसिंह छत्रपतींना रात्री वाड्यातून बाहेर काढून मेण्यात बसवलं होतं. लिंब गावच्या मुक्कामावरून त्यांची रवानगी झाली ती थेट काशीला. वाटेत सेनापती बाळासाहेब भोसले वारले. काशीतच १४ ऑक्टोबर १८४७ला महाराजांचं निधन झालं. एका गादीच्या धन्याला घालवणारा अधिकारी दुसऱ्या गादीच्या गडावर बंडखोरांचा कैदी झाला, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर आपण नाक मुरडलं असतं.

महाराजांना घालवण्याची कारणं कागदावर तीन होती. एक, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान. दोन, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार. तीन, आणि सगळ्याची सुरुवात इथूनच झाली, कंपनीच्या पलटणीतल्या शिपायांना फितवण्याचा प्रयत्न. पहिल्या दोन आरोपांचे कागद कसे जमले, कुठे पैसे मोजून मिळाले आणि कुणाच्या मोहोरा कुणी उठवल्या, यावर त्या काळी लंडनमध्ये पुष्कळ शाई खर्च झाली. पोर्तुगीज गव्हर्नराने तर असला काही व्यवहार झाल्याचं साफ नाकारलं. मला ओढून नेलं ते तिसऱ्या आरोपाने, कारण त्याच्या मुळाशी हेरगिरीचा एक स्वच्छ आखलेला डाव आहे.

साताऱ्याला तेव्हा मुंबई लष्कराची २३वी पलटण होती. तिच्यातले दोन सुभेदार, शिवगुलाम सिंग आणि गुलजार मिसर. नावांवरूनच कळतं की दोघे उत्तर हिंदुस्थानातले. मुंबईच्या पलटणींत अशा परदेशी शिपायांचा भरणा मोठा असे. १८३६च्या पावसाळ्यात अंताजी नावाचा एक ब्राह्मण त्यांच्याभोवती घुटमळू लागला. महाराजांचं मन इंग्रजांवरून उडालं आहे, पलटण आमच्या बाजूला आली तर बक्षीस मोठं, अशा त्याच्या गोष्टी. सुभेदारांनी हे वरिष्ठांच्या कानावर घातलं. गोष्ट रेसिडेंटपर्यंत गेली. त्या वेळचा रेसिडेंट ओव्हान्स नव्हे, पीटर लॉडविक. त्याने अंताजीला तिथल्या तिथे धरलं असतं तर प्रकरण चावडीवरच मिटलं असतं. तसं झालं नाही. सुभेदारांना सांगण्यात आलं की नाही म्हणू नका, फितल्याचं दाखवा आणि पुढे काय होतं ते पाहा.

इथून दोघांचं सोंग सुरू झालं. दिवसा पलटणीत हजेरी, संध्याकाळी अंताजीशी खलबत, आणि जे बोलणं होईल ते वर कळवायचं. त्यांच्या जबानीप्रमाणे शेवटी दिवाण गोविंदरावांमार्फत त्यांना थेट महाराजांसमोर नेण्यात आलं आणि तिथेही तीच भाषा झाली.

या सुभेदारांना सरसकट विकले गेलेले ठरवणं सोपं आहे. आपल्याकडचं बरंचसं लिखाण तेच करतं, आणि ते मला पटत नाही. त्यांचा पेच खरा होता. कंपनीच्या फौजेत सुभेदार म्हणजे देशी माणसाला मिळणारी जवळजवळ शेवटची पायरी. मिशा पिकलेल्या सुभेदारालाही काल बोटीतून उतरलेल्या गोऱ्या पोराचा हुकूम मानावा लागे. तरीही ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी इमान, हा त्यांचा धर्म होता, आणि तो त्यांनी सुरुवातीलाच पाळला: कुणी फितवायला आला, त्यांनी सांगून टाकलं. इथवर इमान सरळ आहे. पेच पुढे पडतो. आता तेच इमान राखायचं तर रोज बेइमानीची भाषा बोलायची, समोरच्याला शब्द द्यायचा, आणि तेही एका छत्रपतीसमोर हात जोडून. मराठी मुलुखाबाहेरच्या माणसालाही त्या नावाचं वजन ठाऊक होतं. जबानी म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. मनात काय झालं हे विचारायची त्यात रीत नसते.

शिवाय सोंग घेणारा साक्षीदार राहत नाही, तो कटातला अर्धा भिडू होतो. अंताजीच्या बडबडीला पलटणीतून होकार मिळाला नसता तर तिला कट म्हणायला उरलं काय असतं? बंड करायला तयार असलेले शिपाई या सगळ्या प्रकरणात दोनच सापडतात, आणि ते दोघेही सरकारचे.

हा प्रश्न इंग्रजांना नवा नव्हता. १८१७ साली डर्बीशायरमधल्या विणकर-कामगारांचा उठाव झाला, त्यात ऑलिव्हर या नावाने वावरणारा सरकारी हेर चिथावणी देत फिरत होता. बोभाटा झाला तरी जेरेमाया ब्रँड्रेथ आणि त्याचे दोन साथीदार ७ नोव्हेंबरला फासावर गेले. खडकीच्या लढाईनंतर दोनच दिवसांनी. त्याच वर्षी लंडनच्या ज्युरीने मात्र डॉक्टर वॉटसनला राजद्रोहातून मोकळं सोडलं. मुख्य साक्षीदार कासल हा हेर असल्याचं उघड झाल्यावर त्याच्या शब्दावर कुणाला फाशी द्यायला ज्युरी तयार नव्हती. म्हणजे हेराची साक्ष किती ओढायची, याचा धडा त्यांच्या स्वतःच्या देशात एकोणीस वर्षांपूर्वी गिरवून झाला होता. साताऱ्यात ज्युरी नव्हती. ऑक्टोबर १८३६मध्ये चौकशी बसली ती गुप्त, आणि तीत तिघे: लॉडविक, मुंबई सरकारचा चिटणीस विलोबी आणि लेफ्टनंट कर्नल ओव्हान्स. महाराजांना पुराव्याच्या नकला मिळाल्या नाहीत. आरोप शाबीत झाल्याचा अहवाल गेला. त्यावर लॉडविकची सही आहे.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. डिसेंबर १८३५मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांनी प्रतापसिंहांच्या कारभाराची स्तुती करणारं पत्र आणि एक रत्नजडित तलवार त्यांच्यासाठी मंजूर केली होती. मुंबई सरकारने ती त्यांच्यापर्यंत पोचूच दिली नाही. जहागिरदारांवर हुकूम कुणाचा, या वादात लंडनने महाराजांच्या बाजूने दिलेला कौलही असाच अडकून पडला होता. राजा तक्रार करत होता, आणि तक्रार करणाऱ्या माणसाच्या तोंडी फितुरीची भाषा शोभून दिसते. त्यात साताऱ्यात ब्राह्मण-प्रभू वाद पेटलेला, क्षत्रियत्वाच्या प्रश्नावर महाराज एका बाजूला आणि बाळाजीपंत नातू, सांगलीचे चिंतामणराव ही मंडळी दुसऱ्या बाजूला. वेदोक्ताचं पुढचं प्रकरण ज्या कोल्हापूरकरांना पाठ आहे त्यांना या भांडणाची जात ओळखायला वेळ लागणार नाही. नातूंवर मराठीत भरपूर लिहून झालं आहे. त्यांना मी इथेच सोडतो.

सुभेदारांच्या साक्षीला बळकटी हवी होती. दिवाण गोविंदराव कैदेत पडले, त्यांना नगरच्या तुरुंगात ठेवलं. त्यांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या, नावाने सरकारकडे एक अर्ज आला. मुलाला सोडा म्हणून आई रडते, आणि रडता रडता महाराजांनीच फितूर केला हेही कबूल करते. अर्ज कामाला आला. फक्त एक अडचण झाली: आपण असा अर्ज केलेलाच नाही, असं गिरजाबाई म्हणाल्या. आणि तो आपण लिहिला, असं कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने सांगून टाकलं. तोवर साताऱ्याची रेसिडेन्सी ओव्हान्सकडे आली होती. १८३७मध्ये लॉडविकला काढून चौकशी मंडळातल्याच या माणसाला तिथे बसवलं गेलं. भिड्यांचं म्हणणं कळूनही ओव्हान्सने ते वेळेवर वर कळवलं नाही, हा आरोप पुढे लंडनमध्ये वर्षानुवर्षं गाजला. जॉर्ज थॉम्सनसारखा गुलामगिरीविरुद्ध लढलेला वक्ता आणि पार्लमेंटातले जोसेफ ह्यूम यांनी हे प्रकरण धरून ठेवलं. मला विचाराल तर सातारा प्रकरणाचा निकाल या एका अर्जात आहे. कट खरा असता तर कुणाच्या आईच्या नावाने अर्ज लिहायची गरज पडली नसती.

महाराज अगदी निर्मळ होते असं म्हणण्याची मला गरज वाटत नाही. अपमानित राजा चार माणसांत इंग्रजांना शिव्या घालत असेल, कुणी पलटणीची माणसं आली आहेत म्हटल्यावर त्यांना भेटलाही असेल. कुरकुर आणि बंड यांत अंतर असतं. ते अंतर सुभेदारांच्या सोंगाने भरून काढलं.

आता लॉडविक. महाबळेश्वरला गेलेल्या प्रत्येकाने हे नाव ऐकलेलं असतं. लॉडविक पॉइंट तो याचाच. १८२४मध्ये या डोंगरावर चढलेला पहिला युरोपियन म्हणून त्याचा मान; मुलाने तिथे स्तंभ उभारला आहे, त्यावर खडकीची लढाई आहे, त्या चढाईची कथा आहे. हाच माणूस सुभेदारांचा डाव चालू ठेवतो, गुप्त चौकशीत बसतो, अहवालावर सही करतो. आणि हाच माणूस विलायतेला परतल्यावर कंपनीच्या भागधारकांच्या सभांत महाराजांच्या बाजूने उभा राहतो. साताऱ्यात रेसिडेंट राहून गेलेले ब्रिग्ज आणि रॉबर्टसन हेही महाराजांच्या बाजूचे होते, पण त्यांचे हात या कागदांत बुडालेले नव्हते. लॉडविकचे होते. दोन निष्ठांत फाटलेला माणूस या प्रकरणात शोधायचा तर सुभेदारांच्याही आधी तो मला इथे दिसतो. फरक एवढाच की सुभेदारांना दोन तोंडं एकाच वेळी धरावी लागली. लॉडविकसाहेबांना दुसरं तोंड पेन्शनीत उघडायची सवड मिळाली. त्याचं उशिराचं शहाणपण मी मोलाचं मानतो, पण त्याने लिंबच्या मुक्कामावर गेलेला मेणा परत फिरला नाही.

१८३९च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याचा देकार असा: कंपनीशी झालेला १८१९चा तह मोडल्याचं लिहून द्या, मागचं सगळं माफ, गादी तुमची. तीन वर्षं हेर, चौकशा, तुरुंग आणि अर्ज यांवर घालवून सरकारला अखेरीस हवी होती एक सही. पलटण फितवून राज्य उलथणाऱ्याला कुठलं सरकार एका सहीवर सोडतं? महाराजांनी सही दिली नाही आणि गादी सोडली. या गोष्टीत सोंग न घेतलेला माणूस तेवढा एकच.

महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३पर्यंत अर्ज करत राहिले. कायद्याने दाद मिळते यावर इतका दीर्घ विश्वास ठेवलेला दुसरा मराठी माणूस मला माहीत नाही. तोवर १८४८मध्ये सातारा खालसा झाला होता. परत आलेल्या या वकिलाने १८५७मध्ये जे केलं ते मात्र अस्सल होतं: माणसं जमवली, पलटणीत संधान बांधलं, शस्त्रं गोळा केली. एकवीस वर्षांपूर्वी महाराजांवर रचलेला आरोप त्यांच्या वकिलाने शब्दशः खरा करून दाखवला. याही वेळी खबऱ्यांनी डाव उघड केला. ८ सप्टेंबर १८५७ला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आलं, कुणी फासावर, कुणी गोळीने, कुणी तोफेच्या तोंडी; त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी हाती लागले नाहीत.

सरकारी दप्तरात १८३६ आणि १८५७ ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. मला तो एकच कट वाटतो. पहिल्या खेपेला त्यात बंडखोर नव्हते, म्हणून सरकारने आपलेच दोन सुभेदार घातले. दुसऱ्या खेपेला तशी गरज पडली नाही.