जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा कुबट वास काय सांगतो?

नवरात्र तोंडावर आलं की घरोघरी साफसफाई सुरू होते. माळ्यावरचं सामान खाली उतरतं आणि त्यात अनेक घरांत एखादा जुना व्हॅक्यूम क्लीनरही निघतो. १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्स कंपनीचे विक्रेते दारोदारी जाऊन प्रात्यक्षिकं दाखवत. तेव्हापासून हे यंत्र मध्यमवर्गीय घरांत रुळलं. त्या काळातली काही यंत्रं आजही चालतात. पण बटण दाबलं की पाच मिनिटांत खोलीभर कुबट वास पसरतो. मग कुणी पिशवीत अत्तर शिंपडतं, कुणी डांबरगोळ्या टाकतं. वास थोडा वेळ झाकला जातो, पण त्याचं कारण तिथेच राहतं.

रबाळ्यासारख्या ठिकाणी हे जास्त जाणवतं. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. पापड सादळतात, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. त्याच हवेत माळ्यावर धुळीने अर्धी भरलेली कापडी पिशवीही पडून असते.

वास येतो कुठून?

घरातली धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. त्वचेचे सुटलेले सूक्ष्म पापुद्रे, केस, कपड्यांचे तंतू, अन्नाचे कण, परागकण आणि बुरशीचे बीजाणू असं सगळं तिच्यात असतं. बुरशीला वाढायला तीन गोष्टी लागतात: खाद्य, ऊब आणि ओल. खाद्य धुळीत आहेच. पिशवी सुती असेल तर तिचे धागेही बुरशीला चालतात. ऊब आपल्या हवेत बारा महिने आहे. राहिली ओल, ती पावसाळा पुरवतो. धूळ हवेतला ओलावा शोषते. आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली, तर पाण्याचा थेंब न पडताही बुरशी वाढू शकते.

बुरशी आणि काही जिवाणू वाढताना हवेत उडून जाणारी रसायनं सोडतात. त्यांतलं एक ऑक्टेनॉल. अळिंबीचा ओळखीचा वास त्याचाच. दुसरं जिओस्मिन. पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधात आणि बिटाच्या मातकट वासात हेच जिओस्मिन असतं. आपलं नाक त्याच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे. पाण्यात अब्जावधी भागांत त्याचे काही मोजके भाग असले तरी ते जाणवतं. म्हणून पिशवीत बुरशी डोळ्यांना दिसत नसतानाही नाकाला तिचा पत्ता लागतो.

हा वास स्वतः फारसा घातक नाही. पण पिशवीत काहीतरी वाढतं आहे, हे तो सांगतो. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी आणि दम्याचा धोका वाढतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत काढला आहे. त्यातच व्हॅक्यूम क्लीनर जेवढी हवा आत ओढतो, तेवढीच बाहेर सोडतो. जुन्या कापडाच्या विणीतून मोठे कण अडतात. पण बुरशीचे बीजाणू बहुधा दोन ते दहा मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान असतात. त्यांतले बरेच विणीतून निसटून थेट आपल्या श्वासात येतात.

यात एक गंमत आहे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर जन्मालाच आला तो दम्यामुळे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर हा सफाई कामगार होता. झाडूने उडणाऱ्या धुळीचा त्याला त्रास होई. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढे ते हूवर कुटुंबाने विकत घेतलं. धुळीपासून वाचवायला आलेलं यंत्र सादळलेल्या पिशवीमुळे पुन्हा धूळच पसरवू लागलं, तर त्याचा उपयोग काय?

धुण्याआधी

पिशवी कागदी असेल तर प्रश्नच नाही. ती टाकून नवी लावायची. कागद ओला झाला की फाटतो आणि त्यातली बुरशी निघत नाही. आतून पातळ कापसासारखा थर असलेल्या कृत्रिम धाग्यांच्या पिशव्याही धुऊ नयेत. त्यांतला थर स्थिर विद्युतभारामुळे बारीक कण पकडतो. साबणाच्या पाण्याने तो गुण कमी होतो. साधी, जाड विणीची कापडी पिशवी मात्र धुता येते.

पिशवी घरात झटकू नका. गॅलरीत किंवा गच्चीवर, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून, नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावून ती रिकामी करा. खाली ओलसर वर्तमानपत्र पसरलं तर धूळ उडत नाही. मग ते गुंडाळून पिशवीत बांधून टाका. दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीने हे काम दुसऱ्यावर सोपवावं, लहान मुलांनाही दूर ठेवावं.

धुताना आणि धुतल्यावर

पिशवी उलटी करून शिवणींमधली धूळ ब्रशने काढा. कापडाला सोसत असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवा; त्याने धूलिकीटकही मरतात. मेलेले कीटक आणि बीजाणूही अ‍ॅलर्जी देतात. म्हणून नुसतं मारून भागत नाही, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून ते काढून टाकावे लागतात.

शेवटच्या पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर घालता येतं. आम्लामुळे जिओस्मिनचं रूपांतर बिनवासाच्या पदार्थात होतं. बिटाच्या कोशिंबिरीत लिंबू पिळल्यावर मातकटपणा कमी होतो, तो याचमुळे. खाण्याचा सोडा वापरायचा असेल तर तो वेगळ्या पाण्यात वापरा. दोन्ही एकत्र केले तर एकमेकांचा परिणाम मारतात. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

मग पिशवी उलटी करून कडक उन्हात दोन दिवस वाळवा. ऊन पृष्ठभागावरच्या काही जंतूंना मारतं. पण खरं काम करतो तो कोरडेपणा. यासाठी ऑक्टोबरचं ऊन उत्तम. शिवणी हाताला जराही गार लागत असतील तर पिशवी अजून ओली आहे असं समजा.

पिशवी परत बसवण्याआधी नळी, ब्रश आणि मोटरसमोरची जाळी तपासा. वास बरेचदा तिथूनही येतो. यंत्राचा प्लग काढून आतला भाग कोरड्या कापडाने पुसा. शेवटी पिशवी दिव्यासमोर धरून पाहा. सुईच्या टोकाएवढी भोकं चमकली, कापड विरविरीत दिसलं किंवा दोनदा धुऊनही वास राहिला, तर आठवण म्हणून हवी तर ठेवा, पण वापरू नका. तिच्या मापाची नवी पिशवी शिवून घेता येते. घरात दमेकरी असेल तर हेपा गाळणी असलेलं यंत्र जास्त योग्य. ती गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते.

अत्तर आणि डांबरगोळ्या टाळाव्यात. गोळ्यांतल्या नॅप्थालीनची वाफ मोटरच्या गरम हवेबरोबर घरभर पसरते. जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅप्थालीनमुळे तांबड्या पेशी फुटू शकतात. सोड्याची कोरडी पूड यंत्रात ओढूनही काही साधत नाही, बारीक पुडीने जाळी तेवढी तुंबते.

पुढच्या वर्षी हा त्रास नको असेल तर मे महिन्यात पिशवी रिकामी करून धुऊन वाळवा. ती यंत्रातून वेगळी काढा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. यंत्र भिंतीला टेकवू नका, माळ्याच्या भिंतीला ओल आली असेल तर आधी गळती दुरुस्त करा. आणि साफसफाईनंतर दर वेळी शिंका, छातीत घरघर किंवा धाप जाणवत असेल, तर ती 'धुळीची सवय' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा.