सायकलस्वाराचे हेल्मेट आणि पट्ट्यांची जुळणी : एक विवेचन

सारांश

सायकल चालवताना हेल्मेट वापरावे, याविषयी पुष्कळ बोलले व लिहिले जाते. त्या मानाने हेल्मेट डोक्यावर स्थिर ठेवणाऱ्या पट्ट्यांचा विचार कमी होतो. हेल्मेटचे संरक्षण त्याच्या कवचावर जितके अवलंबून असते, तितकेच आघाताच्या क्षणी ते योग्य जागी असण्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात पट्ट्यांचे कार्य, मानकांतील त्यांचे स्थान, उपलब्ध संशोधन, जुळणीची पद्धत आणि शिक्षणसंस्थांची भूमिका यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : सायकल, हेल्मेट, पट्टा, जुळणी, मस्तिष्काघात, रस्ता सुरक्षा

१. प्रस्तावना

सायकल हे स्वस्त, प्रदूषणरहित आणि आरोग्यास हितकारक वाहन आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात स्वयंचलित दुचाकींनी तिची जागा घेतली. तरीही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शाळा-महाविद्यालयात जाण्याचे ते आजही महत्त्वाचे साधन आहे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना सायकली दिल्या गेल्यामुळे अनेक मुलींचे शिक्षण सुकर झाले. शहरांतही व्यायाम आणि छंद म्हणून सायकलीकडे वळणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे व त्यांच्यापैकी बरेच जण हेल्मेट वापरतात.

मात्र हेल्मेट वापरणे आणि ते योग्य रीतीने वापरणे यांत अंतर आहे. हनुवटीखाली लोंबणारा पट्टा, मागे सरकून कपाळ उघडे टाकणारे हेल्मेट किंवा बक्कल न लावता केवळ डोक्यावर ठेवलेले हेल्मेट ही दृश्ये नेहमीची आहेत. अशा वेळी खर्चही होतो, डोक्यावर वजनही राहते. संरक्षण मात्र मिळतेच असे नाही. ‘असून अडचण, नसून खोळंबा’ अशी ही अवस्था असते. ती टाळण्यासाठी हेल्मेटचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे.

२. हेल्मेटचे कार्य

सायकल हेल्मेटचा मुख्य भाग म्हणजे विस्तारित पॉलिस्टायरिनचा, म्हणजेच सर्वसाधारण भाषेत थर्माकोलच्या जातीच्या पदार्थाचा, जाड थर होय. बाहेरचे पातळ कवच त्या थराला एकसंध ठेवते. डोके जमिनीवर आपटते तेव्हा हा थर चिरडला जातो आणि डोक्याला थांबण्यासाठी थोडे अधिक अंतर मिळते.

या थोड्या अंतराचे महत्त्व साध्या गणिताने स्पष्ट होते. दोन मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा जमिनीशी भिडतानाचा वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर असतो. ती वस्तू दोन मिलिमीटर अंतरात थांबली, तर तिच्यावरील सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १००० पट होते. तीच वस्तू वीस मिलिमीटर अंतरात थांबली, तर ते सुमारे १०० पटींवर येते. हा दहा पटींचा फरक थर्माकोलच्या त्या दोन सेंटिमीटरमुळे पडतो.

परंतु हे दोन सेंटिमीटर डोके आणि रस्ता यांच्या मध्ये असतील, तरच त्यांचा उपयोग होतो. हेल्मेट मागे सरकले असेल, तर पुढच्या बाजूला पडणाऱ्या स्वाराचे कपाळ थेट रस्त्यावर आदळते. शिवाय अपघातात आघात एकच असतो असे नाही. स्वार प्रथम वाहनाच्या भागावर आणि त्यानंतर रस्त्यावर आपटू शकतो. पहिल्या धक्क्यात हेल्मेट निघून गेले, तर दुसऱ्या आघाताच्या वेळी डोके उघडे असते. म्हणून आघात शोषणे हे थराचे कार्य आणि तो थर जागेवर ठेवणे हे पट्ट्यांचे कार्य अशी ही विभागणी आहे. पट्टा ही हेल्मेटची जोडवस्तू नसून त्याचे अर्धे अंग आहे.

३. मानके आणि कायदा यांतील पट्ट्यांचे स्थान

हा विचार सुरक्षा मानकांतही दिसतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचे मानक १० मार्च १९९९ नंतर उत्पादित झालेल्या सर्व सायकल हेल्मेटना त्या देशात बंधनकारक झाले. त्यात आघातशोषणाच्या चाचणीबरोबर पट्ट्यांशी संबंधित दोन स्वतंत्र चाचण्या आहेत. पहिली मजबुतीची : चार किलोग्रॅम वजन ०.६ मीटर उंचीवरून पाडून पट्ट्याला झटका दिला जातो आणि तो ३० मिलिमीटरपेक्षा अधिक ताणला जाता कामा नये, अशी अट असते. दुसरी स्थिरतेची : तशाच झटक्याने हेल्मेट पुढे व मागे ओढले जाते आणि ते कृत्रिम डोक्यावरून निघून जाता कामा नये. युरोपातील ‘ईएन १०७८’ या मानकातही पट्ट्यांची मजबुती आणि परिणामकारकता तपासली जाते.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रयोगशाळेत स्थिरतेची चाचणी घेण्यापूर्वी पट्टे व्यवस्थित जुळवून घट्ट केलेले असतात. म्हणजेच हेल्मेटवरील प्रमाणपत्राची खूण ही नीट बांधलेल्या हेल्मेटविषयीची ग्वाही असते. सैल हेल्मेटची कोणतीही हमी तीत अभिप्रेत नाही. प्रमाणपत्रातील ही अट पुरी करणे वापरणाऱ्याच्याच हाती असते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १२९ स्वयंचलित दुचाकीस्वारांना लागू आहे, सायकलस्वारांना नाही. तथापि, त्यातील संरक्षक शिरस्त्राणाचे स्पष्टीकरण बोधप्रद आहे. आकार, साहित्य आणि बांधणी यांमुळे इजेपासून संरक्षण देऊ शकणे ही त्यातील पहिली अट आहे. पट्ट्यांनी किंवा अन्य बंधनांनी ते डोक्याला पक्के बांधलेले असणे ही दुसरी. कायद्याच्या दृष्टीनेही न बांधलेले हेल्मेट हे संरक्षक शिरस्त्राण ठरत नाही. सायकलस्वारावर कायद्याचे बंधन नसले, तरी या व्याख्येतील तर्क त्यालाही तितकाच लागू पडतो.

४. संशोधनातील निष्कर्ष

हेल्मेटच्या उपयुक्ततेविषयी अनेक अभ्यास झाले आहेत. जेक ऑलिव्हिए आणि प्रुडन्स क्रेटन यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. २०१७ मध्ये प्रकाशित झालेल्या या विश्लेषणानुसार, अपघातात सापडलेल्या सायकलस्वारांमध्ये हेल्मेट घातलेल्यांना डोक्याची इजा होण्याची शक्यता सुमारे निम्म्याने आणि गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा अभ्यास फ्रेडरिक रिव्हारा आणि सहकाऱ्यांचा आहे. अमेरिकेतील सिॲटल परिसरातील या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ज्यांची हेल्मेट डोक्यावर नीट बसत नव्हती, त्यांना डोक्याची इजा होण्याचा धोका नीट बसणाऱ्या हेल्मेटच्या तुलनेत जवळपास दुप्पट, म्हणजे १.९६ पट आढळला. येथे तुलना हेल्मेटधारकांची हेल्मेटधारकांशीच आहे.

चुकीची जुळणी किती व्यापक असू शकते, याची कल्पना २००३ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अमेरिकी अभ्यासातून येते. नियमित आरोग्य तपासणीसाठी आलेल्या मुलांची हेल्मेट तेथे तपासण्यात आली. सुमारे ९६ टक्के मुलांची हेल्मेट स्थिती किंवा जुळणी यांच्या किमान एका निकषावर अपुरी ठरली. यावरून हेल्मेट विकत घेणे हा सुरक्षिततेचा केवळ आरंभ आहे, हे स्पष्ट होते.

५. जुळणीची पद्धत

जुळणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधीची पायरी वगळून पुढची केल्यास पट्टे कितीही ओढले तरी हेल्मेट स्थिर होत नाही.

अ) माप : कपाळाभोवती, भुवयांच्या किंचित वर, डोक्याचा घेर टेपने मोजावा आणि त्यानुसार हेल्मेट निवडावे. मोठे हेल्मेट पट्टे आवळून लहान होत नाही. मागील बाजूस फिरवण्याची चकती असल्यास तिने आतील पट्टी डोक्याभोवती बेताची घट्ट करावी.

आ) स्थान : हेल्मेट डोक्यावर आडवे, सपाट बसावे. त्याची पुढची कड भुवयांच्या वर एक ते दोन बोटांवर असावी.

इ) बाजूचे पट्टे : प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा असे दोन पट्टे येतात व कानाखाली एका सरकत्या अडकणीत एकत्र होतात. ही अडकण कानाच्या पाळीच्या लगेच खाली यावी आणि दोन्ही पट्ट्यांचा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आकार कानाभोवती व्हावा. पुढचा पट्टा हेल्मेटला मागे जाऊ देत नाही आणि मागचा पट्टा पुढे येऊ देत नाही. यांपैकी एक जरी सैल असला, तरी त्या दिशेने हेल्मेट मोकळे राहते.

ई) हनुवटीचा पट्टा : बक्कल लावल्यावर पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये एक, फार तर दोन बोटे जातील इतकीच जागा असावी. उरलेले टोक रबरी कड्यात अडकवावे.

जुळणीनंतर तीन चाचण्या घ्याव्यात. पहिली, तोंड मोठे उघडून जांभई दिल्यासारखे करावे; त्या वेळी हेल्मेट खाली ओढले गेल्याचे जाणवले पाहिजे. तसे न जाणवल्यास हनुवटीचा पट्टा सैल आहे. दुसरी, हेल्मेटची पुढची कड तळहाताने वर व मागे ढकलावी. कपाळ उघडे पडल्यास पुढचा पट्टा आखूड करावा. तिसरी, मागची कड वर ढकलावी. हेल्मेट डोळ्यांवर आल्यास मागचा पट्टा आखूड करावा. प्रत्येक फेरबदलानंतर तिन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात. घरी आरशासमोर पाच-दहा मिनिटांत हे काम होते.

६. जुळणी बिघडण्याची कारणे

एकदा केलेली जुळणी कायम टिकत नाही. अडकणी वापराने हळूहळू सरकतात. केशरचनेतील बदल हेही एक कारण आहे. उंच अंबाडा, डोक्याच्या मागे बांधलेली जाड वेणी, हेल्मेटखाली घेतलेली ओढणी किंवा टोपी यांमुळे हेल्मेट वर उचलले जाते. केस मानेलगत खाली बांधणे आणि ओढणी हेल्मेटखाली न घेणे श्रेयस्कर. एकच हेल्मेट घरातील दोघांनी वापरल्यास प्रत्येक वेळी नव्याने जुळणी करावी लागते. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर ठरावीक काळाने माप पुन्हा तपासणे आवश्यक असते.

आपल्याकडील उष्ण व दमट हवामानात घामाने पट्टे कडक होतात आणि टोचू लागतात. मग ते सैल करण्याकडे कल होतो. यावर उपाय सैल करणे हा नसून पट्टे सौम्य साबण व पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे हा आहे. पेट्रोल, थिनर यांसारखी द्रावणे वापरू नयेत; त्यांनी थर्माकोल विरघळतो. बक्कल तुटल्यास पट्ट्याला गाठ मारणे किंवा पिन लावणे धोक्याचे आहे. अपघातात आपटलेले हेल्मेट वरून अखंड दिसले, तरी आतील थर चिरडलेला असू शकतो, ते बदलावे.

लहान मुलांसंदर्भात आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. सायकलीवरून उतरल्यावर हेल्मेट काढून ठेवण्याची सवय त्यांना लावावी. घसरगुंडी किंवा झाडावर खेळताना हेल्मेट अडकल्यास तोच पट्टा गळ्याला फास ठरू शकतो.

७. शिक्षणसंस्थांची भूमिका

महाविद्यालयांत रस्ता सुरक्षेची व्याख्याने होतात, शपथा घेतल्या जातात आणि फेऱ्या निघतात. फेरीच्या छायाचित्रात सर्वांच्या डोक्यावर हेल्मेट असते. परंतु पट्टे किती जणांचे जुळलेले असतात, हे क्वचितच पाहिले जाते. राष्ट्रीय सेवा योजना आणि शारीरिक शिक्षण विभाग यांनी सायकल फेरीपूर्वी वरील तीन चाचण्यांची परस्पर तपासणी ठेवल्यास खर्चाविना मोठे काम होईल. भौतिकशास्त्राच्या वर्गात मंदन व थांबण्याचे अंतर शिकवताना हेल्मेटचे उदाहरण घेतल्यास पुस्तकातील सूत्र विद्यार्थ्याच्या रोजच्या प्रवासाशी जोडले जाईल. प्राध्यापकांनी स्वतः बक्कल लावून प्रवेशद्वारातून आत येणे हा धडा तर कोणत्याही व्याख्यानापेक्षा परिणामकारक ठरेल.

८. निष्कर्ष

हेल्मेट अपघात टाळत नाही आणि प्रत्येक इजाही रोखत नाही. सुरक्षित रस्ते, मर्यादित वेग आणि वाहनचालकांची शिस्त यांना ते पर्याय होऊ शकत नाही. तथापि, स्वाराच्या स्वतःच्या हाती असलेल्या उपायांपैकी तो एक महत्त्वाचा उपाय आहे. प्रयोगशाळेतील चाचण्या, कायद्यातील व्याख्या आणि रुग्णालयांतील अभ्यास हे तिन्ही एकाच गोष्टीकडे निर्देश करतात : हेल्मेटचे मोल ते डोक्यावर योग्य जागी टिकण्यात आहे. भुवयांवर दोन बोटे, कानाखाली ‘व्ही’ आणि हनुवटीखाली एक बोट एवढी तपासणी करण्यास निघताना अर्धा मिनिटही लागत नाही. ही तपासणी सायकलीच्या चाकातील हवा पाहण्याइतकी स्वाभाविक सवय व्हावी, यासाठी शिक्षणसंस्थांनी पुढाकार घेणे उचित ठरेल.