काकड्याला जा, पण कोमट पाण्यानं न्हाऊन

नर्सची नोकरी करून निवृत्त झाले, आता मुळशीतल्या उरवड्यात असते. कोजागरीनंतर काकडा सुरू झाला की माझी बोलणी खाणारे वाढतात. साठी उलटलेली, बीपीची गोळी चालू असलेली माणसं पहाटे गार पाणी अंगावर घेतात आणि उपरणं टाकून देवळात निघतात. भक्तीला माझी ना नाही. पण गारठ्यानं रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, रक्त थोडं दाट होतं. त्यात पहाटे रक्तदाब आपसूकच वाढत असतो.

दवाखान्यात पोचण्याआधीच हृदय बंद पडण्याचे प्रकार बहुतेक देशांत हिवाळ्यात वाढतात. जपानमध्ये तर कित्येक म्हातारी माणसं न्हाणीघरातच दगावतात. गारठलेल्या खोलीतून एकदम कढत टबात उतरायचं, ते हृदयाला झेपत नाही. म्हणून कोमट पाणी बरं.

मुळशीत पावसाळाही सोडत नाही. राज्यात फ्लू पावसाळ्यातही वाढतो आणि आपण ताप अंगावर काढून लावणीला चिखलात उभे! कॅनडातल्या 2018 च्या एका अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट दिसला. उन्हाळ्यात अंगातलं पाणी आटून हृदयावर ताण येतो, तो वेगळाच.

हृदयविकाराचा झटका वेगळा आणि हृदय बंद पडणं वेगळं. झटका येतो तेव्हा हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस घामाघूम होतो, छाती धरतो, पण बोलत असतो. त्याला चालवू नका, दवाखान्यात न्या. हृदय बंद पडलं की माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही. अधूनमधून आचके देतो, तेव्हा लोक म्हणतात, ‘श्वास चालू आहे की!’ तो श्वास नव्हे. मग कुणी कांदा हुंगवतं, कुणी तोंडात पाणी ओततं. छातीला हात मात्र कुणी लावत नाही. छाती दाबली नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. पौडहून रुग्णवाहिका कितीही जोरात आली, तरी ही मिनिटं शेजाऱ्याच्याच हातात असतात.

एकानं रुग्णवाहिकेसाठी 108 लावावा. राज्यात ही सेवा 2014 पासून मोफत आहे. दुसऱ्यानं कोसळलेल्या माणसाला कडक जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मधोमध तळव्यावर तळवा ठेवावा, कोपरं ताठ. 5 ते 6 सेंटिमीटर दाबावं, छाती पूर्ण वर येऊ द्यावी, मिनिटाला 100 ते 120 वेळा. बरगडी मोडेल म्हणून थांबू नये, ती जुळते. दमलात तर दुसऱ्याला दाबू द्या.

कंपन्यांत हे शिकवतात, गावात नाही. ग्रामपंचायतीनं काकडा सुरू व्हायच्या आधी देवळातच एक दुपार यासाठी ठेवावी. शिकवायला मी येते.