सर्दी-फ्लूवरील घरगुती उपाय : आराम आणि उपचार यांतील सीमारेषा

गोषवारा :
सर्दी, खोकला व फ्लू यांवर काढा, हळद-दूध, मध, वाफ, गुळण्या असे उपाय महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या केले जातात. या उपायांनी नेमके काय साध्य होते आणि काय होत नाही, याचे उपलब्ध संशोधनाच्या आधारे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे उपाय लक्षणे सुसह्य करतात, परंतु विषाणूचा नाश करीत नाहीत. ही मर्यादा ओळखली तरच ते उपयुक्त ठरतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सर्दी, इन्फ्लुएन्झा, घरगुती उपाय, लक्षणशमन, सुरक्षितता.

प्रस्तावना :
पावसाळा सुरू झाला की महाविद्यालयांच्या वर्गांत आणि वसतिगृहांत सर्दी-तापाची साथ ठरलेलीच असते. घरापासून दूर राहणारा विद्यार्थी अशा वेळी डॉक्टरांआधी आपल्या शिक्षकालाच विचारतो. या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे मिळतात. ‘आजीबाईच्या बटव्या’ला अंधश्रद्धा मानणारा एक वर्ग आहे, तर जे नैसर्गिक ते गुणकारी आणि निर्धोकच, असे मानणारा दुसरा. या दोन्ही भूमिका तपासून पाहणे आवश्यक आहे.

आजाराचे स्वरूप :
सामान्य सर्दी अनेक विषाणूंमुळे होते. त्यांपैकी प्रमुख असलेल्या ऱ्हायनोव्हायरसचेच १५० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत, म्हणूनच सर्दीवर एकच एक लस तयार होऊ शकलेली नाही. फ्लू हा इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होणारा वेगळा आजार होय. मानवातील हा विषाणू १९३३ मध्ये प्रथम वेगळा करण्यात आला. सर्दी हळूहळू सुरू होते, तर फ्लूमध्ये एकाएकी तीव्र ताप, अंगदुखी आणि थकवा येतो. प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. त्यामुळे या दोन्ही आजारांत ती निरुपयोगी ठरतात.

सर्दी बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप बरी होते. औषध घेतले तर सात दिवस आणि न घेतले तर एक आठवडा, असे गमतीने म्हटले जाते ते यामुळेच. याचा एक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू केलेल्या कोणत्याही उपायाला बरे होण्याचे श्रेय सहज मिळून जाते. म्हणूनच केवळ अनुभव पुरेसा ठरत नाही. तुलनात्मक चाचणी करावी लागते.

उपायांची चिकित्सा :
गरम पेये : वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये सर्दी झालेल्या ३० व्यक्तींवर एक प्रयोग केला. फळांच्या रसाचे एकच पेय गरम आणि सामान्य तापमानाला देण्यात आले. गरम पेयाने घसादुखी, थंडी वाजणे व थकवा यांतही तत्काळ आराम वाटला, मात्र नाकातील हवेचा प्रवाह मोजला असता त्यात फरक आढळला नाही. आले, गवती चहा, तुळस यांच्या काढ्याचा बराचसा लाभ कशात आहे, याचा अंदाज यावरून येतो. आराम खरा असतो. आजार मात्र आपल्या गतीनेच चालतो.

मध : घरगुती उपायांमध्ये मधाचा पुरावा तुलनेने चांगला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ च्या एका अहवालात घसा शमविणारा सोपा उपाय म्हणून मधाचा उल्लेख केला होता. मुलांच्या खोकल्यावरील चाचण्यांचा २०१८ मध्ये जो एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यातही काहीच उपचार न करण्यापेक्षा मध बहुधा अधिक आराम देतो, असे दिसून आले.

गुळण्या : जपानमध्ये ३८७ निरोगी व्यक्तींवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित गुळण्या करणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील संसर्गाचे प्रमाण कमी आढळले. विशेष म्हणजे हा लाभ साध्या पाण्याच्या गुळण्यांनी झाला. आयोडीनयुक्त औषधाच्या गुळण्यांनी तसा लाभ दिसला नाही.

वाफ : वाफेने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, परंतु सर्दी लवकर बरी होते असे चाचण्यांतून सातत्याने सिद्ध झालेले नाही. उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून मुले भाजल्याच्या घटना मात्र वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत.

आवळा व क जीवनसत्त्व : लायनस पॉलिंग यांच्या १९७० मधील पुस्तकामुळे क जीवनसत्त्वाविषयी मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या. २०१३ मधील आढाव्यानुसार नियमित सेवनाने सामान्य लोकांत सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही. तिचा कालावधी प्रौढांत सुमारे ८ टक्के व मुलांत १४ टक्के कमी होतो. सर्दी झाल्यानंतर सेवन सुरू केल्यास मात्र असा लाभ सातत्याने दिसत नाही.

अडुळसा : परंपरेतून आधुनिक औषध कसे घडते याचे हे उत्तम उदाहरण आहे. अडुळशातील व्हॅसिसीन या घटकाच्या आधारे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध विकसित झाले. यावरून असेही दिसते की, वनस्पतीत परिणामकारक द्रव्य असेल, तर मात्रा आणि दुष्परिणाम यांचा विचार अपरिहार्य ठरतो. अडुळसा गर्भाशयाच्या आकुंचनास कारणीभूत ठरू शकतो, म्हणून गर्भवतींनी तो टाळावा.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक काय? :
एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जन्मलेल्या बाळाला मध चाटविण्याची आपली प्रथा या दृष्टीने पुन्हा विचारात घ्यावयास हवी. कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. ज्येष्ठमध अधिक काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी होते. कोविडच्या काळात गुळवेलीचे सेवन बरेच वाढले. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. वाद काहीही असो, यकृताचा विकार असणाऱ्यांनी सल्ल्याविना अशी द्रव्ये घेऊ नयेत.

विलंबाचा धोका :
उपाय निरुपद्रवी असला तरी त्याच्या भरवशावर दवडलेला वेळ निरुपद्रवी असेलच असे नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्यानंतर शहरातील शाळा-महाविद्यालये काही दिवस बंद ठेवावी लागली. फ्लूवरील ओसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. काढ्यावर काढलेले तीन दिवस येथे महाग पडू शकतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कापूर, ओवा व लवंग यांची पोटली हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो, असा निराधार संदेश सर्वदूर पसरला होता. कापराच्या वासाने श्वास मोकळा वाटतो, रक्तातील प्राणवायू मात्र वाढत नाही. आराम व उपचार यांची गल्लत किती घातक ठरू शकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
१. गरम पेये, मध, गुळण्या, पुरेसे पाणी आणि विश्रांती हे उपाय सौम्य आजारात योग्य व स्वस्त आहेत. त्यांना हिणविण्याचे कारण नाही.
२. हे उपाय विषाणू नष्ट करीत नाहीत. तसा दावा करणाऱ्या संदेशांकडे संशयाने पाहावे.
३. अर्भके, गर्भवती, वृद्ध तसेच दमा, मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी लवकर वैद्यकीय सल्ला घ्यावा.
४. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, तीन दिवसांहून अधिक काळ टिकणारा किंवा उतरून पुन्हा चढणारा ताप यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांवर विसंबू नये.

विद्यार्थ्याने विचारल्यास शिक्षकाने काढा जरूर सुचवावा. मात्र डॉक्टरांकडे केव्हा जावयाचे, हेही त्याच वेळी सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे.