लाच मागितली तर? धंदा सुरू करण्याआधी हा कायदा समजून घ्या

दुकान टाकायचं म्हटलं की भांडवल, माल, जागा, भाडं, सगळ्याचा हिशेब आपण करतो. पण एक खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही: "वरचे पैसे". त्याबद्दल कायदा काय म्हणतो, ते आज सोप्या भाषेत बघू.

समजा, तुम्ही मणिबेलीत किराणा दुकान काढताय. नर्मदाकाठचं गाव, महाराष्ट्रातलं पहिल्या नंबरचं मतदान केंद्र. इथून अक्कलकुव्याच्या ऑफिसची एक चक्कर म्हणजे धंद्याचा अख्खा दिवस गेला. म्हणूनच "पाचशे दे आणि मोकळा हो" हा सल्ला पटकन पटतो. इथेच थांबा!

घेणाऱ्याला काय शिक्षा?

कायद्याचं नाव भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८. यात २०१८ साली मोठी दुरुस्ती झाली. कलम ७ नुसार लाच घेणाऱ्या लोकसेवकाला ३ ते ७ वर्षं कैद आणि दंड. काम नियमातलं असलं तरी गुन्हाच. कायद्यातच उदाहरण दिलंय: रेशन कार्डाचा साधा अर्ज वेळेत करून देण्यासाठी पाच हजार मागणारा कर्मचारी दोषी आहे. "साहेबांकडून करून देतो" म्हणत पैसे घेणारा दलालसुद्धा कलम ७-अ मध्ये अडकतो.

लोकसेवक म्हणजे फक्त तहसीलदार नव्हे. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, सरकारी वीज कंपनीचा माणूस, लोनसाठी टक्का मागणारा सरकारी बँकेचा मॅनेजर, हे सगळे त्यात येतात. खासगी बँकेचे अधिकारीही येतात, असं सुप्रीम कोर्टाने २०१६ साली सांगितलं.

देणारा सुटतो का?

नाही! हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कलम ८ नुसार लाच देणाऱ्यालाही ७ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. यातून सुटकेचे दोन रस्ते आहेत:

१. लाच देणं भाग पाडलं असेल, तर दिल्यापासून ७ दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवा.

२. आधीच कळवा आणि त्यांच्या सापळ्यात मदत म्हणून पैसे द्या.

७ दिवस म्हणजे या आठवडे बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत. लांबच्या गावात ते भुर्रकन जातात, म्हणून दुसरा रस्ताच बरा.

तक्रार कशी करायची?

- पैसे देऊ नका. "जमवतो, दोन दिवस द्या" म्हणून वेळ घ्या.
- तारीख, वेळ, रक्कम आणि नेमके शब्द लिहून ठेवा.
- लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल फ्री नंबरवर फोन करा. नंदुरबारलाही त्यांचं ऑफिस आहे. लेखी तक्रार द्या.
- मग पंचांसमोर मागणीची पडताळणी होते आणि त्यानंतर पावडर लावलेल्या नोटांचा सापळा लागतो.

पडताळणी कशाला? कारण खिशात नोटा सापडल्या एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. मात्र तक्रारदार नंतर फिरला किंवा वारला, तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

लाचेची वेळच येऊ नये म्हणून

कुठल्या कामाची सरकारी फी किती, हे आधी बघा. उद्यम नोंदणी मोफत आहे. जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. एजंट घेतो ती त्याची मजुरी, सरकारची फी नव्हे. अर्ज शक्यतो ऑनलाइन करा आणि पोचपावती जपा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदत उलटली तर अपील करा. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

"तक्रार केली तर काम अडेल," ही भीती खोटी नाही. पण एकदा दिलेली लाच हा दरवर्षीचा हप्ता होतो, आणि किराण्याच्या मार्जिनमध्ये तो बसत नाही. म्हणून आजचा होमवर्क: हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा. प्रत्येक परवान्याची खरी फी, अर्जाची तारीख, आणि १०६४.

भेटू पुढच्या व्हिडिओत!